क्लीनरच्या बाजूची खिडकी

४ सप्टेंबर

ही वही मी रागाच्या भरात विकत आणली, हे आधीच लिहून ठेवते. कुणी वाचेल ही भीती न्हाई. अब्बांना मराठी वाचता येत न्हाई, अम्मीला वेळ न्हाई, आणि माझा भाऊ अरीब तीन ओळींच्या वर काही वाचलं की जांभया देतो. घरात आम्ही दखनी बोलतो. पण माझी शाळा मराठी, त्यामुळं भांडायचं असलं की मराठीच सुचतं. घरच्यांचं बोलणंसुद्धा इथं मराठीतच उतरवणार.

राग लातूरवर हाय. तिथल्या कुणा वीरेशनं 'फुल्ल रेस' नावाचा ट्रक चालवायचा ऑनलाइन गेम काढलाय. मी इथं नांदेडात 'उस्ताद' काढला. दोन्हीत रस्ता तोच, नांदेड, लोहा, अहमदपूर, चाकूर, लातूर. दोन्हीत सोयाबीन भरायचं आणि लातूरच्या आडतीवर नेऊन खाली करायचं. आज सकाळी अकरा वाजता त्याच्या गेमवर तीन हजार नऊशे माणसं होती. माझ्यावर बावीस.

"बावीस न्हाई आपा, एकवीस," अरीब म्हणाला. "एक तर तूच हायस."

भाऊ हाय म्हणून वाचला.

कॉलेजच्या नवउद्योग केंद्रानं मला एक टेबल, एक खुर्ची आणि वर्षभरासाठी सर्व्हर दिलाय. केंद्र बघणाऱ्या मंजुषा मॅडमनी आज मला बोलावून अट परत वाचून दाखवली. अठ्ठावीस नोव्हेंबरपर्यंत एका वेळी पाचशे माणसं चालत्या गाडीत दिसली पाहिजेत. न्हाई दिसली तर सर्व्हर काढून घेणार, म्हणजे उस्ताद बंद.

"दिसतील की," मी म्हणाले. मॅडमनी चष्म्याच्या वरून बघितलं आणि फाइल मिटली.

९ सप्टेंबर

आज तीन तास फुल्ल रेस खेळले. शत्रूचा अभ्यास.

काय ते थोतांड! लोह्याहून अहमदपूर चार मिनिटांत. टायर बसत न्हाई, वजनकाट्यावर रांग न्हाई, रस्त्यात म्हैस आली तर ती स्वतःहून बाजूला होते. आणि कहर म्हणजे आडतीत गाडी मागं घेऊन लावायची तर एक बटण दाबा. गाडी आपली आपण जाऊन लागते! अब्बांना सांगितलं तर त्यांना हसून हसून ठसका लागला.

माझे अब्बा, खाजामियाँ, एकतीस वर्षं ट्रकवर होते. त्यातली पहिली सात हदगावच्या दगडोबा उस्तादच्या हाताखाली क्लीनर म्हणून. गाडी मागं घ्यायची म्हणजे क्लीनरनं खाली उतरायचं आणि गाडीच्या अंगावर ठोके द्यायचे. दोन ठोके म्हणजे येऊ दे. एक म्हणजे थांब. ड्रायव्हरनं मागं बघायचंच न्हाई, नुसतं ऐकायचं. "क्लीनर नसला तर मी चावीला हात लावत न्हवतो," अब्बा म्हणतात.

म्हणून उस्तादमध्ये गाडीला दोन माणसं लागतात, दोन्ही जिवंत, खरी. एक ड्रायव्हर, एक क्लीनर. क्लीनरनं फोन लाकडी टेबलावर ठेवायचा आणि टेबल ठोकायचं. तो ठोका फोनमधून जाऊन ड्रायव्हरच्या कानात वाजतो. मागं घेताना क्लीनरला पाठीमागची भिंत दिसते, ती मी एकेक वीट घासूनपुसून काढलीय. दोघं जमले तरच गाडी हलते. असा गेम मी अजून दुसऱ्या कुणाचा बघितलेला न्हाई, आणि तो लातूरवाला तर सात जन्मात काढणार न्हाई.

१६ सप्टेंबर

अब्बांची तब्येत सुधारून राहिली. दोन वर्षांखाली शुगर डोळ्यांत उतरली. नजरेच्या मधलं सगळं धुरकट, कडेकडेचं तेवढं थोडं दिसतं. परवाना गेला, गाडी विकली, आणि माणूस खाटेवर जो आडवा झाला तो उठेचना. जेवायला हाक मारली तरी तोंड भिंतीकडं. पण आजकाल बघावं तर रोज सकाळी दाढी, इस्त्रीचा शर्ट, दहाच्या आत नाश्ता. ही नव्या गोळ्यांची करामत हाय, डॉक्टरला मानलं पाहिजे.

मी अम्मीला म्हणाले, "एवढे नटून जातात कुठं?"

"कामाला," अम्मी म्हणाली आणि पोळी उलटली. अम्मीची थट्टा मला कधीच कळत न्हाई.

बोलायचा मात्र त्यांना अजून आळस. सगळं वाजवून सांगतात. चहा पाहिजे तर खाटेच्या पाटीवर दोन ठोके, पुरे झाला तर एक. आणि एखादं काम मनासारखं झालं, अगदी दार नीट लागलं तरी, तळहाताची एक सपाट थाप, बैलाच्या पाठीवर देतात तशी.

२५ सप्टेंबर

घोळ कुठं हाय ते सापडलं. दिवसाकाठी उस्तादवर दोनशे-अडीचशे माणसं येतात. येतात आणि सगळीच्या सगळी ड्रायव्हरच्या सीटवर बसतात! मग क्लीनरची वाट बघत ढाब्यावर थांबतात. पाच मिनिटं थांबतात, दहा मिनिटं थांबतात, आणि निघून फुल्ल रेसवर जातात. ढाब्यावर थांबलेली माणसं मॅडमच्या मोजणीत धरत न्हाईत.

कुणाला क्लीनर व्हायचंच न्हाई. काही जण चुकून होतात आणि दोन मिनिटांत उतरतात. एकानं लिहून पाठवलं, "क्लीनरच्या बाजूनं बाहेर काहीच दिसत नाही, कंटाळा येतो." मी उलट लिहिलं, "क्लीनरनं काम करावं. सिनेमा बघायचा असेल तर टॉकीजला जावं."

तो परत आला न्हाई. जाऊ दे, गेला उडत.

२ ऑक्टोबर

एक भानगड हाय. एकच माणूस असा हाय जो कधीच ड्रायव्हर होत न्हाई. नाव न टाकता येणाऱ्याला गेम आपोआप 'पाहुणा' असा नंबर देतो, तसा हा पाहुणा एकोणीस. रोज दहाला येतो, एकला जातो. ढाब्यावर जी गाडी पुढं उभी असेल तिच्यात क्लीनर म्हणून चढतो, लातूरला पोचवतो, उतरतो आणि दुसरीत चढतो. एक अक्षर लिहीत न्हाई. कुणी शिवी दिली तरी न्हाई.

ठोके मात्र, काय सांगू, नंबर एक. ड्रायव्हर लोक त्याच्यासाठी थांबून राहतात.

आणि गंमत बघा, गाडी लागली की शेवटी हा पठ्ठ्या एक सपाट थाप मारतो. माझ्या गेमात असली थाप न्हाईच! ठोके दोन, न्हाईतर एक. ही तिसरी कशाला? कुठंतरी ऐकल्यासारखी वाटली, पण आठवेना. मला तर दाट संशय हाय की हा लातूरचा हेर हाय. प्रत्येक गाडीत बसून माझी माणसं मोजून राहिला आणि थाप मारून खूण देऊन राहिला.

अरीबला सांगितलं. तो इतका हसला की खुर्चीवरून घसरला. ह्या पोराला कशाचंच गांभीर्य न्हाई.

११ ऑक्टोबर

अर्धापूरला गेले. तिथं केळीच्या गाड्या भरतात, खाली पानं अंथरून वर घड रचत जातात, आणि भरणं होईपर्यंत ड्रायव्हर-क्लीनर सावलीला फोन बघत पडलेले असतात. म्हटलं, खरे क्लीनर इथं ढिगानं हायत, यांच्याहून चांगलं कोण खेळेल! प्रत्येकाच्या फोनमध्ये उस्ताद टाकून दिला.

एकानं उघडला, दोन्ही सीटांकडं बघितलं आणि मला म्हणाला, "ताई, दिवसभर तेच करून राहिलो. गेममधी तरी गाडी चालवू द्या की!"

सगळे खदाखदा हसले. मीपण हसले, पण येताना जीपमध्ये लई चिडले होते.

२४ ऑक्टोबर

दिवाळीच्या सुट्टीत फुल्ल रेस सहा हजारांवर गेला. मी एकतीस.

मंजुषा मॅडमनी खुर्ची देऊन बसवलं, म्हणजे बोलणं गोड नसणार हे कळलं. "उजमा, क्लीनर काढून टाक. निदान मशीनचा क्लीनर बसव, आपोआप ठोके देणारा. महिन्यात पाचशे होतील."

"मॅडम, मशीनच्या ठोक्यावर कोण गाडी मागं घेईल?"

"सहा हजार लोक घेतायत," मॅडम म्हणाल्या.

अरीबनं घरी हिशोब मांडला, प्रोग्राममधली एकच ओळ बदलायची, दहा मिनिटांचं काम. मी म्हणाले, "हात तर लाव त्या ओळीला, बोटं तोडीन." अब्बा खाटेवर बसून ऐकत होते. त्यांनी पाटीवर एक ठोका दिला आणि आम्ही दोघंही गप्प झालो.

मी क्लीनर काढणार न्हाई. सात वर्षं माझा बाप उन्हात उतरून ठोके देत होता. त्याच्या जागी बटण बसवायचं? बंद पडला तर पडू दे उस्ताद, पण पडेल तो दोन माणसांनिशी.

४ नोव्हेंबर

लातूरला जाऊन आले. एकदा त्या वीरेशला समोरासमोर विचारायचंच होतं.

एसटीत डावीकडची खिडकी मिळाली. साडेतीन तास कसे गेले कळलं न्हाई. एका फाट्यावर बायका पाट्या घेऊन पेरू विकत होत्या, एका शेतात मळणीयंत्राच्या भुशात पोरं उड्या मारत होती, एका घराच्या छपरावर बकरी चढली होती आणि खाली म्हातारा तिच्याशी भांडत होता. पुढचा रस्ता मात्र काही दिसला न्हाई, डोकं सारखं खिडकीबाहेर.

वीरेशची खोली एका डाळमिलच्या वर हाय. सगळीकडं तुरीचा भुसा, संगणकावर रुमाल झाकलेला. वाटलं होतं गॉगल लावलेला कुणी असेल. निघाला शेळपट आवाजाचा, केसाला तेल लावलेला, माझ्याच वयाचा. त्यानं आधी चहा मागवला. शत्रूचा चहा घ्यावा का न घ्यावा हा प्रश्न होता, पण प्रवासानं डोकं दुखत होतं.

"तुम्ही कधी ट्रकमध्ये बसलाय का?" मी तोफच डागली.

"न्हाई ओ ताई. मला गाडी लागते. स्कुटीवर फिरतो मी."

"आणि ट्रकचा गेम काढला!"

"ताई, लोक कुठं चालवतेत?" तो म्हणाला. "तुम्ही बघा." त्यानं रुमाल काढला आणि दाखवलं. शेकडो गाड्या रस्त्याच्या कडेला उभ्या. "हे सगळे नुस्ते थांबून बाहेर बघून राहिलेत. कुणी पुण्यात हाय, कुणी दुबईत. गावाकडचं रान दिसतंय म्हणून येतेत. मी चाकूरजवळ एक पिंपळ काढलाय, त्याच्याखाली रोज पन्नास गाड्या थांबतेत."

मी म्हणाले, "तुमच्या टायरला पंक्चर होत न्हाई."

"हाव, ते चुकलंच," त्यानं मान्य केलं. मग भीत भीत विचारलं, "ताई, राग येऊ देऊ नका. मी तुमचा उस्ताद खेळलोय. तुमचे ठोके मला करता आले न्हाईत, इतकं भारी हाय ते. पण तुम्ही स्वतः कधी क्लीनरच्या सीटवर बसला का?"

मी उठलेच. माझ्या बापानं सात वर्षं क्लीनरकी केली आणि हा मला शिकवून राहिला! जाता जाता हेराबद्दल सुनावलं. "तुमचा पाहुणा एकोणीस परत बोलवून घ्या." त्यानं असं काही तोंड केलं की जणू त्याला काही माहीतच न्हाई. पक्का नाटकी.

१३ नोव्हेंबर

अब्बांना परवापासून सणकून ताप. अम्मी कपाळावर पट्ट्या ठेवून राहिली.

तिकडं हेरसुद्धा दोन दिवस गायब. मी लातूरला जाऊन झापल्याचा परिणाम. पण झालं काय, की दोन दिवसांत उस्तादवर एकही गाडी लातूरला पोचली न्हाई. ढाब्यावर नुसती रांग. लोक विचारून राहिले, "एकोणीस कुठं हाय? एकोणीसला बोलवा." माझ्या गेमात मला कुणी विचारत न्हाई आणि हेराची चौकशी!

खरं लिहायचं तर मलासुद्धा त्याची सवय झालीय. दहा वाजता तो आला की बरं वाटतं. हे मी कुणाला सांगणार न्हाई.

१७ नोव्हेंबर

अब्बांचा ताप उतरला. दाढी केली, शर्ट घातला. अम्मी ओरडत होती, "आणखी एक दिवस पडून राहा." अब्बा म्हणाले, "गाड्या खोळंबल्यात." तापात माणूस काहीही बोलतो.

पाहुणा एकोणीस परत आला. पहिल्या गाडीत त्याचा ठोका थोडा कमजोर वाटला.

२७ नोव्हेंबर

आज मी टेबल आवरून संगणक घरी आणला. उद्याचा निकाल माहीत हाय. चालत्या गाडीत माणसं आज बारा. पण उद्या मॅडमसमोर मान खाली घालून बसणार न्हाई एवढं ठरवलं होतं.

सकाळचे साडेदहा. समोरच्या खोलीत जमिनीवर संगणक मांडला, हेडफोन घातले. म्हटलं, शेवटचा दिवस, आपण आपली एक गाडी लातूरला पोचवू. ड्रायव्हर म्हणून बसले. ढाब्यावर माझी गाडी पुढं, आणि क्लीनर चढला पाहुणा एकोणीस. म्हटलं, चल बाबा, हेर तर हेर.

अर्धा तास गप्प चाललो दोघं. लातूर आलं, आडत आली. मी गाडी मागं घ्यायला लागले. ठक ठक. ठक ठक.

एक हेडफोन कानावरून सरकला होता. त्या मोकळ्या कानातसुद्धा ठक ठक ऐकू आलं. मधल्या भिंतीतून. मी हेडफोन काढूनच टाकले. ठक ठक, ठक ठक, आतल्या खोलीतून. मग एक ठोका. मी गाडी थांबवली. आणि मग ती सपाट थाप.

मी संगणक तसाच सोडून उठले.

आत गेले. अम्मीच्या शिलाई मशीनच्या टेबलाशी अब्बा बसले होते, इस्त्रीचा शर्ट, डोळे मिटलेले, पुढ्यात अरीबचा जुना फोन. माझ्याकडं बघायचं त्यांना कारणच न्हवतं, पावलावरून ओळखलं.

"एका दमात भिंतीला लागली गाडी," ते म्हणाले. "ड्रायव्हर चांगला होता. तूच होतीस का?"

"कधीपासून अब्बा?"

"जूनपासून. अरीबनं लावून दिलं."

"कामाला जातात म्हणून मी सांगितलं न्हवतं का तुला?" अम्मी दारातून म्हणाली.

मला हसू येत होतं आणि रडूपण. "मला का न्हाई सांगितलं?"

"तू म्हणली असतीस, अब्बा, तुम्ही उस्ताद, तुम्ही ड्रायव्हरच्या जागी बसा. मग मला परत एकदा सांगावं लागलं असतं की मला दिसत न्हाई. एकदा सांगितलं तेवढं बस झालं. क्लीनरला काय, मागून भिंत मोठी होत येते तेवढी कळते. बाकी कानानं."

मी त्यांचा फोन उचलला. खरं लिहिते, वर्षभरात पहिल्यांदा मी क्लीनरच्या सीटवरून माझा गेम बघितला. मागची भिंत होती, वीट न वीट. आणि डावीकडची खिडकी? करडा रंग. सपाट. वरून खालपर्यंत. नांदेडपासून लातूरपर्यंत नुसता करडा. मी रस्ता काढला तो सगळा ड्रायव्हरच्या जागेवरून काढला. क्लीनरच्या बाजूला फेब्रुवारीत तात्पुरता एक रंग भरला होता, तो मी विसरून गेले.

"अब्बा, खिडकीतून रोज असंच दिसतं?"

"हाव."

"जूनपासून? मग बोलला का न्हाईत?"

अब्बांनी चष्मा काढून शर्टाला पुसला. "मला वाटलं, माझेच डोळे," ते म्हणाले. "म्हटलं, कडेचं दिसायचं तेपण गेलं आता. डॉक्टरला सांगितलं न्हाई. तुला तर न्हाईच."

मी त्यांच्या गुडघ्यावर डोकं ठेवून लहान पोरीसारखी रडले. सहा महिने हा माणूस आंधळा झालो समजून माझ्या गाड्या पोचवत होता. आणि मी त्याला हेर म्हणत होते. मला माझी इतकी लाज आयुष्यात कधी वाटली न्हाई. अम्मीनं पाणी आणून दिलं आणि अरीबला फोन करून शिव्या घातल्या, कशासाठी ते तिलापण माहीत नसावं.

२८ नोव्हेंबर

मंजुषा मॅडमनी आकडा वाचला. चौदा. मग फाइल बाजूला ठेवून म्हणाल्या, "उजमा, आत्ता इथं बसून क्लीनरची ओळ बदल. मी तीन महिने मुदत वाढवून देते."

चांगल्या बाई हायत. त्यांना मनापासून वाटत होतं.

मी म्हणाले, "मॅडम, लोक येत न्हाईत ही माझी चूक हाय. मी क्लीनरला घाम दिला आणि खिडकी दिली न्हाई. ती मी देणार. पण क्लीनर राहणार."

"सर्व्हर जाईल मग."

"घेऊन जा."

पाच वाजता बंद झाला. ढाब्यावर अकरा जण थांबलेले होते, त्यांना मी लिहून कळवलं की थोडे दिवस थांबा, गाडी दुरुस्तीला हाय. एकानं विचारलं, "एकोणीस येणार ना?" मी लिहिलं, येणार.

देगलूर नाक्यावर माझ्या चुलतभावाचं, मुनीबचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान हाय. त्याच्याकडं एक जुना संगणक पडून होता. तोच आता आमचा सर्व्हर. एका वेळी वीस गाड्या ओढतो, एकविसावी आली की धापा टाकतो. वीस तर वीस!

संध्याकाळी वीरेशचा निरोप आला. "ताई ऐकलं. वाईट वाटलं. माझ्या सर्व्हरवर लई जागा हाय, तुम्ही वापरा, काही द्यायचं न्हाई."

मी उत्तर दिलं, "जागा नको. क्लीनर कमी हायत, या."

१४ डिसेंबर

रोज सकाळी दहा ते एक अब्बा सांगतात आणि मी डावी बाजू काढते. लोहा सोडलं की एक पत्र्याचं हॉटेल, मालक एका हातानं भजी तळायचा. पुढं विहीर, तिच्यावर मोटर आणि मोटरीवर कायम बसलेली एक मांजर. मग मोसंबीचा बाग, कुंपणाला लाल साडीच्या चिंध्या बांधलेल्या. कुठं उतार, कुठं पोरं हात करायची, कुठं एक बाई रोज नवऱ्याला डबा घेऊन उभी असायची. आता यातलं काही नसेल. मी सगळं काढून राहिले. एसटीतून बघितलेली छपरावरची बकरीपण घातली. अब्बा म्हणाले, "बकरी आमच्या वेळी न्हवती, पण असू दे."

मी म्हणाले, "अब्बा, आता उजवीकडचंपण सांगा."

त्यांनी मान हलवली. मग म्हणाले, "उजवीकडचं कुठं आठवतंय. ड्रायव्हर झालो तवापासून नुसता रस्ता बघितला. जे काय बघितलं ते क्लीनर असताना."

त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरकडंपण नेऊन आणलं. कडेचं हाय तेवढंच हाय, कमी झालेलं न्हाई. बाहेर आल्यावर मी रस्त्यातच ओरडले, "ती माझी खिडकी होती अब्बा, तुमचे डोळे न्हवते!" लोक बघायला लागले. बघू देत.

५ जानेवारी

फुल्ल रेसवर आज सकाळी सहा हजार दोनशे. बघितलं आणि बंद केलं. तिथं पिंपळाखाली बसणाऱ्यांनी खुशाल बसावं. झाड चांगलं काढलंय त्यानं, मीपण परवा जाऊन बसून आले.

उस्तादवर वीस गाड्या, चाळीस माणसं. आणि आज पहिल्यांदा, ढाब्यावर जे नऊ जण थांबले होते, ते सगळे क्लीनरच्या सीटसाठी! त्यात लातूरचा वीरेशपण होता. त्याला मी रांगेतच थांबवलं. अजून दोनच्या जागी तीन ठोके देतो, परवा एक गाडी भिंतीत घातली.

पण आजची खरी गोष्ट वेगळी हाय. नाश्ता झाल्यावर मी अब्बांना संगणकासमोर, ड्रायव्हरच्या जागी बसवलं. "नको, नको," करत होते, हात मागं घेत होते. मी म्हणाले, "सरळ रस्त्यानं अरीब न्हेईल. तुम्ही फक्त आडतीत मागं घ्या. क्लीनर मी हाय."

अरीबनं गाडी लातूरला आणून दिली आणि उठला. अब्बांनी संगणकाला जोडलेल्या स्टिअरिंगच्या चाकाला हात लावला. पडद्याकडं एकदा बघितलं आणि मग डोळेच मिटून घेतले. मी आतल्या खोलीत जाऊन मशीनच्या टेबलाशी बसले. अम्मी मध्ये दारात उभी, ओढणी तोंडात धरून.

ठक ठक. गाडी हलली. ठक ठक. डावीकडं थोडी जास्त येत होती, मी थांबवली, परत ठोके दिले, त्यांनी न विचारता चाक फिरवून गाडी सरळ केली. ठक ठक. ठक ठक. भिंत मोठी होत आली, माझ्याच विटा. एक ठोका.

गाडी थांबली. भिंत आणि गाडीत वीतभर जागा. मी तळहाताची सपाट थाप दिली.

मी उठून बघायला गेले तर अब्बांचे डोळे अजून मिटलेले, गालांवरून पाणी, आणि हात चाकावर तसाच.

"हात कच्चा हाय तुझा अजून," ते म्हणाले. "उद्या दहाला कामावर ये."